शिक्षण बाळंतिणीच्या खाटेशी

पुण्यात कोथरूड-बाणेरपासून हडपसर-वाघोलीपर्यंत कुठल्याही सोसायटीत बाळ जन्मलं, की आठवडाभरात व्हॉट्सॲप गटावर विचारणा येते : चांगली लॅक्टेशन कन्सल्टंट कुणाच्या माहितीत आहे का? बाळाला अंगावर पाजताना येणाऱ्या अडचणी पूर्वी घरातली आजी, शेजारची काकू किंवा वॉर्डातली सिस्टर सोडवायची. आता तो व्यवसाय झाला आहे. मागणी वाढली तशा शिकण्याच्या वाटाही वाढल्या. शनिवार-रविवारच्या ऑनलाइन वर्गातून बाहेर पडलेली आणि कित्येक वर्षं वॉर्डात घालवून आंतरराष्ट्रीय परीक्षा दिलेली, दोघीही आपल्या कार्डावर एकच बिरुद छापू शकतात. टाके दुखताहेत, रात्रभर डोळा लागलेला नाही, मांडीवरचं बाळ रडायचं थांबत नाही, अशा बाईला त्या दोघींमधला फरक कसा कळावा?

या व्यवसायाचं शिक्षण कसं असावं, याबद्दल दोन ठाम मतं आहेत आणि दोन्हींत तथ्य आहे. ती मी इथे एका आत्या-भाचीच्या तोंडी घातली आहेत. आत्या महापालिकेच्या प्रसूतिगृहातून निवृत्त झालेली परिचारिका. भाची हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करणारी, दीड वर्षाच्या मुलाची आई. नोकरी सोडून तिला हेच काम करायचं आहे. दोघी कल्पित आहेत, पण त्यांचा वाद या क्षेत्रात रोज चालतो.

भाची : आत्या, मी ठरवलंय. पुढच्या महिन्यात राजीनामा देते. एक ऑनलाइन कोर्स बघून ठेवलाय. तो झाला की घरोघरी जाऊन मदत करायला लागणार.

आत्या : कोर्स किती तासांचा?

भाची : वीस.

आत्या : त्यातले बाळंतिणीच्या खाटेशी किती?

भाची : ऑनलाइन आहे गं. व्हिडिओ असतात, प्रश्नोत्तरं असतात.

आत्या : म्हणजे एकही नाही. मग तू फी कशाची घेणार?

भाची : मला जे मिळालं नाही, त्याची. माझं सिझर झालं, तिसऱ्या दिवसापर्यंत निपलना चिरा पडल्या होत्या, बाळ नीट धरत नव्हतं. राउंडला आलेल्यांनी उभ्याउभ्या सांगितलं, दूध कमी आहे, पावडर सुरू करा. घरी आल्यावर आईनं अळिवाची खीर दिली, सासूबाईंनी शतावरी कल्प आणला. सगळ्यांनी जीव लावला, पण बाळाचं तोंड कसं उघडतंय ते वाकून कुणीच पाहिलं नाही. शेवटी मला सोडवलं ते माझ्यासारख्याच एका आईनं. तिनं स्वतः दोन मुलांना पाजलं होतं. ती डॉक्टर नव्हती आणि नर्सही नव्हती. १९५६ साली अमेरिकेत इलिनॉयमध्ये सात आयांनी एकत्र येऊन ला लेचे लीग सुरू केली, तेव्हा त्यांच्याकडे तरी कुठलं प्रमाणपत्र होतं?

आत्या : नव्हतं. आणि त्यांनी जगभरच्या आयांवर उपकार केले, यात शंका नाही. पण पुढचंही सांग ना. आईनं आईला दिलेला धीर वेगळा आणि दवाखान्यात उभं राहून, जबाबदारी घेऊन, पैसे घेऊन केलेली मदत वेगळी, हे त्याच चळवळीतल्या लोकांच्या लक्षात आलं. म्हणून १९८५ साली स्वतंत्र परीक्षा मंडळ उभं राहिलं, आयबीएलसीई. ला लेचे लीगनंच त्याला हात दिला. त्या मंडळाची परीक्षा पास झालेल्यांना आयबीसीएलसी म्हणतात. तुझ्या त्या मैत्रिणीनं तुला धीर दिला आणि युक्ती सांगितली. तिनं फी घेतली नाही. तू घेणार आहेस.

भाची : त्या परीक्षेची सगळी माहिती मी काढली आहे. वाचूनच दम लागतो. वाटा तीन. पहिली डॉक्टर, नर्स, आहारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट अशा मान्यताप्राप्त आरोग्य व्यवसायातल्या लोकांसाठी. त्यांनी परीक्षेआधीच्या पाच वर्षांत पाजणाऱ्या आयांबरोबर १,००० तास काम केलेलं हवं. दुसरी वाट मान्यताप्राप्त शिक्षणक्रमाची. त्यात ३०० तास, तेही थेट देखरेखीखाली. तिसरी मार्गदर्शकाच्या हाताखाली ५०० तासांची, आणि त्याचा आराखडा मंडळाकडून आधी मंजूर करून घ्यायचा. तिन्हींसाठी स्तनपानाच्या विषयाचं ९५ तासांचं शिक्षण वेगळं. शिवाय माझ्यासारखी, जी आरोग्य क्षेत्रातली नाही, तिला आणखी १४ विषय. एवढं झालं की १७५ बहुपर्यायी प्रश्नांची चार तासांची परीक्षा. ती मराठीत होत नाही, फी डॉलरमध्ये, आणि दर पाच वर्षांनी पुन्हा नूतनीकरण. आत्या, अशी भिंत बांधली तर पलीकडे किती जणी पोचतील?

आत्या : चौदा विषय कुठले?

भाची : शरीररचना, शरीरक्रिया, जीवशास्त्र, बालकाची वाढ आणि विकास, पोषण, मानसशास्त्र किंवा समुपदेशन, समाजशास्त्र, संशोधनाची ओळख. हे आठ. मग वैद्यकीय परिभाषा, नोंदी ठेवणं, जीवरक्षणाचे प्राथमिक उपाय, कामाच्या जागेची सुरक्षितता, व्यावसायिक नीती आणि संसर्ग टाळण्याची काळजी. हे सहा.

आत्या : यातला कुठला काढून टाकू सांग. मानसशास्त्र? बाळंतपणानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोळ्याला येणारं पाणी आणि महिनाभरानंतरही न हटणारं नैराश्य यांत फरक करता आला पाहिजे. नैराश्य आलेल्या बाईला तुझ्या सल्ल्याआधी उपचारांची गरज असते. संशोधनाची ओळख? पावडरच्या डब्यावर, पंपाच्या खोक्यावर ‘सिद्ध झालेलं’ असं छापलेलं असतं. कुणी, कुणाच्या पैशानं, किती बाळांवर सिद्ध केलं, हे विचारता आलं पाहिजे. नोंदी? आज तू गेलीस, चार दिवसांनी बाळ आजारी पडलं. तू काय पाहिलंस, काय सांगितलंस, हे कागदावर नसेल तर पुढचे डॉक्टर अंधारात. आणि संसर्ग? चिरा पडलेल्या स्तनाला हात लावणार आहेस तू, एका घरातून उठून दुसऱ्या घरात जाऊन.

भाची : विषय नकोत असं मी म्हणत नाही. मी म्हणते, सुरुवातीलाच सगळं नको. कामाला लागावं, शिकत जावं.

आत्या : कुणाच्या बाळावर शिकत जावं? चल, तुझे वीस तास झाले असं धरू. सिझरची, तिसऱ्या दिवसाची बाई. बाळ रडतंय. आजी सांगते, दूधच उतरलं नाही. तू दारात उभी आहेस. आधी काय बघशील?

भाची : लॅच, म्हणजे बाळाची पकड. बाळानं तोंड पूर्ण उघडलंय का, खालचा ओठ बाहेर वळलाय का, हनुवटी स्तनाला टेकलीय का, आणि निपलभोवतीचा काळा भाग बाळाच्या वरच्या ओठाकडे जास्त दिसतोय का.

आत्या : चारही खुणा बरोबर. पण लॅचकडे मी नंतर येईन. आधी बाईकडे बघ. ताप आहे का, टाक्यावर ताण येतोय का, तिला बसता येतंय का, ती शेवटची कधी जेवली. मग बाळाकडे. अंग पिवळं दिसतंय का. कालपासून लंगोट किती ओले झाले. शी अजून काळीच आहे, की रंग बदलायला लागलाय. जन्माचं वजन किती आणि आजचं किती. पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतंच, त्याला घाबरायचं नाही. पण दहा टक्क्यांच्या घरात गेलं, तर मी बालरोगतज्ज्ञांना निरोप धाडीन आणि मगच पुढचं करीन.

भाची : आणि पुढचं?

आत्या : टाक्यावर भार येऊ नये म्हणून बाळ बगलेतून धरायला शिकवायचं, नाहीतर बाईला कुशीवर वळवायचं. बाळाचं डोकं, मान, पाठ एका रेषेत. डोकं मागून ढकलायचं नाही, आधार मानेखाली आणि खांद्यांना. नाक निपलच्या समोर. निपल वरच्या ओठाला लागलं की बाळ आ करतं. तो आ पुरता मोठा होईपर्यंत थांबायचं आणि त्या क्षणाला बाळ स्तनाकडे आणायचं, आईनं बाळावर वाकायचं नाही. मग गप्प राहून ऐकायचं. आधी भराभर चोखणं. मग पान्हा फुटला की लय संथ होते, हनुवटी खोल जाते आणि मध्येमध्ये गिळल्याचा बारीक आवाज येतो. बाळानं सोडल्यावर निपल बघायचं. ते गोल राहिलं तर ठीक. नव्या लिपस्टिकसारखं तिरकं, चपटं झालं असेल तर बाळ वरवर धरतंय. तिथूनच चिरा पडतात, दूध नीट ओढलं जात नाही, आणि ओढलं गेलं नाही की बनतही नाही. मग सगळे म्हणतात, दूध कमी आहे.

भाची : यातलं बरंच व्हिडिओत दाखवतात.

आत्या : दाखवतात, आणि छान दाखवतात. आयआयटी मुंबईच्या हेल्थ स्पोकन ट्युटोरियलमध्ये बाळाला कसं धरायचं, लॅच कसं करायचं, सगळं मराठीतसुद्धा आहे. बालरोगतज्ज्ञ डॉ. रूपल दलाल यांनी त्या कामाला वाहून घेतलंय. प्रत्येक परिचारिकेनं ते बघावं. पण व्हिडिओतलं बाळ झोपेला आलेलं नसतं, व्हिडिओतली आई दुखतं म्हणून तुझा हात झटकत नाही, आणि तिथं शेजारी उभी राहून चमच्यानं मध चाटवू का विचारणारी आजी नसते. गिळल्याचा आवाज कानाला ओळखीचा व्हायला बाळं ऐकावी लागतात, पुष्कळ. आणि पहिल्या काही वेळा तुला ‘आला’ वाटेल तेव्हा ‘नाही आला’ म्हणणारं कुणीतरी मागं उभं हवं. देखरेख म्हणतात ती ही.

भाची : समजा, माझ्याकडून लॅच नीट जमला नाही. वाईटात वाईट काय होईल? आई पावडरकडे वळेल. नाहीतरी वळणारच होती.

आत्या : नाही गं. वाईटात वाईट ते नाही. पाचव्या दिवशी आणलेली बाळं मी पाहिली आहेत. ओठ कोरडे, रडायचीही ताकद नाही, लंगोटावर विटकरी डाग. आईला कुणीतरी सांगितलेलं असतं, पाजत राहा, दूध आपोआप वाढेल, वरचं काही देऊ नका. वाक्य खोटं नाही, पण त्या बाळासाठी त्या दिवशी ते घातक होतं. बाळ पितच नव्हतं. अशा वेळी आईचं दूध हातानं काढून वाटी-चमच्यानं द्यायचं, पुरत नसेल तर मातृदुग्धपेढीतलं किंवा डॉक्टर सांगतील ते द्यायचं, आधी बाळ सावरायचं आणि मग स्तनपान. अंगावरच्या दुधावर जिची श्रद्धा आहे, तिनं तर वरचं दूध कधी लागतं हे सगळ्यात आधी शिकावं. अर्धवट शिकलेली बाई इथं चुकते, कारण तिला पाजायचं कसं हे माहीत असतं, थांबायचं कुठं ते माहीत नसतं.

भाची : हे मान्य. पण आता माझं ऐक. ज्यांनी मला पावडर सुरू करा म्हणून सांगितलं, त्यांचे वॉर्डातले तास हजाराच्या कितीतरी पुढं असतील. खाटेशीच उभ्या होत्या की त्या! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात. आणि जन्मल्यापासून तासाभरात अंगावर घेतलेली बाळं किती? ४१.८ टक्के. तो तास चुकला तेव्हा शेजारी घरातली अडाणी बाई नव्हती. तुमचीच शिकलेली माणसं होती. मग नुसते तास मोजून काय मिळवलं?

आत्या : तुझा हा मुद्दा मला खोडता येणार नाही. चुकीचं काम हजार तास केलं तर हात चुकीतच तयार होतो. नर्सिंगच्या अभ्यासक्रमात स्तनपान असतं, पण अनेक धड्यांतला एक धडा म्हणून. आणि वॉर्डात काय असतं? एका पाळीत दोघी सिस्टर, खाटा भरलेल्या. इंजेक्शनं, बीपी, टाके, बाळांच्या लशी, डिस्चार्जचे कागद. प्रत्येक कामापुढं सही करायचा रकाना असतो. ‘या बाईचं पाजणं पूर्ण पाहिलं’ याला रकानाच नसतो. ज्याला रकाना नाही ते काम उरलेल्या वेळात होतं, आणि उरलेला वेळ नसतोच.

भाची : मग प्रशिक्षण कुणाला हवं? मला की त्यांना?

आत्या : आधी त्यांना. आणि ते आपल्याकडे नवीन नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९९३ साली स्तनपान समुपदेशनाचा ४० तासांचा कोर्स तयार केला. त्यातही प्रत्यक्ष वॉर्डातला सराव दोन-दोन तासांच्या चार सत्रांचा. त्याच्याही आधी, ३ डिसेंबर १९९१ ला, आपल्या वर्ध्यात ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. बीपीएनआय म्हणतात ती. स्तनपान, वरचं अन्न, एचआयव्ही असलेल्या आईचं बाळ आणि वाढीची नोंद, हे चार विषय एकत्र शिकवणारा कोर्स त्यांनी देशभर नेला. त्या वर्गांत मला सगळ्यात उपयोगी पडलं ते बोलणं. ‘बाळ नीट पितंय ना?’ असं विचारलं की बाई ‘हो’ म्हणते, कारण तिला ‘नाही’ म्हणायची लाज वाटते. ‘पाजणं कसं चाललंय?’ असं विचारून गप्प बसलं की ती बोलायला लागते. तिचं म्हणणं तिला परत बोलून दाखवायचं. ‘चुकतंय’, ‘कमी आहे’, ‘खराब आहे’ असले निवाडे करायचे नाहीत. ती जे बरोबर करते आहे ते आधी सांगायचं आणि एका वेळी एकच बदल सुचवायचा. हे ऐकायला सोपं आहे. वॉर्डात करून बघ, जीभ आवरायलाच महिने जातात.

भाची : म्हणजे महाराष्ट्रात हे सगळं तीस वर्षांपूर्वीच होतं! मग माझ्यापर्यंत का पोचलं नाही?

आत्या : माणसं आणि संस्था होत्या, पदं नव्हती. मुंबईत शीवच्या टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. पुण्यात आज ससूनमध्ये, दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात अशा पेढ्या आहेत. २०१६ साली केंद्र सरकारचा स्तनपानासाठीचा ‘मा’ कार्यक्रम आला, त्यात आशा सेविका आणि एएनएम परिचारिकांना प्रशिक्षण द्यायचं ठरलं. २०१७ साली लॅक्टेशन मॅनेजमेंट सेंटरची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यात पाजणाऱ्या आईला मदत करणारी माणसं नेमायची सोय आहे. पण आजही बहुतेक ठिकाणी हे काम कुणाचं तरी जास्तीचं काम असतं. ज्या दिवशी पीएनसी वॉर्डात, म्हणजे बाळंतिणींच्या वॉर्डात, याच कामाची स्वतंत्र सिस्टर असेल, त्या दिवशी तुझ्यासारख्या निम्म्याअधिक बायकांना घरी कन्सल्टंट बोलवावी लागणार नाही.

भाची : आणि उरलेल्यांना? बाई तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी जाते. दूध खरं तिथं उतरतं, छाती दगडासारखी होते ती घरी, चिरा पडतात त्या घरी. तिथं तुझी वॉर्डातली सिस्टर नसते. तिथं कोण असतं सांगू? मालिशवाली. सव्वा महिना रोज येते, आई आणि बाळ दोघांना हात लावते, आणि तिच्यावर घराचा डॉक्टरपेक्षा जास्त विश्वास असतो. येरवड्यात, जनता वसाहतीत, हडपसरला, कोथरूडच्या मोठ्या फ्लॅटमध्येसुद्धा. तिला शिकवायचं सोडून आपण इंग्रजी परीक्षेच्या गोष्टी करतो.

आत्या : त्यातल्या काहीजणी गाठ आली म्हणून स्तन दाबून पिळतात. बाळाला गुटी, मध, साखरेचं पाणी त्याच सुचवतात.

भाची : कारण त्यांना कुणी दुसरं सांगितलं नाही. आत्या, रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू केलं. तिथल्या बायका नर्स आणि सुईण व्हायला ससूनमध्ये शिकायला जाऊ लागल्या, तेव्हा लोक काय म्हणाले असतील? चांगल्या घरच्या बाईनं हे काम करायचं नसतं. या शहरानं शंभर वर्षांपूर्वी बाळंतपणाचं काम प्रशिक्षण देऊन प्रतिष्ठेला नेलं. मालिशवालीला आपण तेवढंही देणार नाही?

आत्या : द्यावं. पण काय द्यावं ते नेमकं ठरवून. पहिला चीक फेकायचा नाही. सहा महिने पाणीसुद्धा नाही. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजायचं. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा तरी लंगोट ओले झाले पाहिजेत. गाठ आली तर पिळायचं नाही. ताप, लाल पट्टा, सुस्त बाळ, पिवळं बाळ दिसलं की त्याच दिवशी दवाखाना. एवढं तिला मराठीत, चित्रांवरून, वॉर्डात दोन आठवडे उभं करून शिकवता येईल. ती कन्सल्टंट होणार नाही, पण घराघरांत धोका ओळखणारे डोळे तयार होतील. मात्र पायरीला पायरीच म्हणायचं. पहिल्या पायरीवर उभं राहून वरच्या पायरीचं नाव लावायचं नाही.

भाची : हे मला पटतं. मीही नाव लावणार नाही. पण मी चढायचं कसं ते सांग. पाचशे तासांसाठी मला आयबीसीएलसी मार्गदर्शक हवी, आणि तिच्याबरोबर उभं राहायला वॉर्ड. मी चौकशी केली. नर्सिंगची विद्यार्थिनी नाही, डॉक्टर नाही, म्हणून आत घेत नाहीत.

आत्या : त्यांची भीती खरी आहे. बाईची लाज, तिची गुप्तता, संसर्ग, काही झालं तर जबाबदारी कुणाची. पण याला वाट निघू शकते. रीतसर करार, ओळखपत्र, लसीकरण, दर पाळीला एकीच्या हाताखाली एकच शिकाऊ, आणि प्रत्येक वेळी बाईची परवानगी. पहिले तीन महिने तिनं हात लावायचा नाही, फक्त बघायचं आणि लिहायचं. मग मार्गदर्शक समोर असताना करायचं. मग मार्गदर्शक दाराशी असताना. इतर व्यवसायांत असंच शिकवतात.

भाची : आणि पैशांचं? एक गोष्ट मला खटकते. काहीजणी सल्ल्याबरोबर पंप, निपल शील्ड, पावडरी, लाडू सगळं विकतात.

आत्या : १९९२ चा बालदुग्धपर्यायांचा कायदा आहे, २००३ साली तो आणखी कडक केला. पावडरच्या डब्याची, दुधाच्या बाटलीची जाहिरात करता येत नाही, फुकट नमुने देता येत नाहीत, कंपन्यांना आरोग्यसेवकांना भेटी देता येत नाहीत, त्यांच्या परिषदांचा खर्च उचलता येत नाही. पण पंप त्या कायद्यात येत नाही. म्हणून तिथं नीतीच लागते. जिची मिळकत पंपाच्या विक्रीवर आहे, तिला हातानं दूध काढायला शिकवणं परवडत नाही. आणि हातानं दूध काढणं फुकट असतं, प्रत्येक आईला जमू शकतं. तू शिकलीस की आधी ते शिकव.

भाची : एक वाद मात्र आपला मिटणार नाही. तुला सरकारी नोंदणी हवी आहे ना?

आत्या : हवी. नर्सचं नाव परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत असतं, डॉक्टरचं वैद्यक परिषदेच्या. ती चुकली तर तक्रार कुठं करायची हे बाईला ठाऊक असतं. लॅक्टेशन कन्सल्टंटची तशी वेगळी नोंदवही नाही. जिच्याविरुद्ध तक्रार कुठं करायची हेच माहीत नाही, तिच्या हाती तीन दिवसांचं बाळ का द्यायचं?

भाची : आणि मला भीती वाटते, की नोंदणी आली की फी वाढेल, इंग्रजी येईल, कॉलेजं येतील, आणि ही मदत फक्त मोठ्या दवाखान्यांच्या पॅकेजमध्ये उरेल. ज्या बाईला पावडर खरंच परवडत नाही, जी परवडावी म्हणून पाणी घालून पातळ करते, तिला याची सगळ्यात जास्त गरज आहे आणि तिच्यापर्यंत कुणीच पोचणार नाही.

आत्या : मग नोंदणीच्या आधी मराठी अभ्यासक्रम मागायचा. तेवढ्यापुरती मी तुझ्या बाजूनं.

भाची : आणि हजार नसले तरी पाचशे तास झाल्याशिवाय मी कार्ड छापणार नाही. तेवढ्यापुरती मी तुझ्या.

संवाद इथे थांबवतो, कारण यापुढचं माझं मत मला स्वतःच्या नावावर सांगायचं आहे.

मला आत्याचं मूळ सूत्र पटतं : या विद्येचा गाभा पाजणाऱ्या आईशेजारी, जाणत्या माणसाच्या नजरेखाली घालवलेल्या तासांत आहे. वीस तासांचा वर्ग वाईट नाही. तो सुरुवात म्हणून उत्तम आहे, आणि प्रत्येक बापानं, आजीनं, आशा सेविकेनं तो करावा. पण त्याच्या जोरावर फी घेऊन सल्ला देणं हा आईवर अन्याय आहे. भाचीची शंकाही तितकीच खरी आहे. दवाखान्यात बाळंतपणं वाढली तरी पहिला तास वाया जातो, याचा अर्थ नुसता अनुभव पुरत नाही. अनुभवाला शिकवणारा लागतो, आणि त्या कामासाठी पगार, पद आणि वेळ लागतो.

पुण्याला हे करून दाखवणं अवघड नाही. इथे मोठी सरकारी आणि धर्मादाय रुग्णालयं आहेत, दुग्धपेढ्या आहेत, नर्सिंग महाविद्यालयं आहेत, शिकायला तयार असलेल्या बायका आहेत. तीन गोष्टी झाल्या तर चित्र पालटेल. पहिली, प्रत्येक प्रसूतिगृहाच्या केसपेपरवर एक रकाना वाढवावा : घरी जाण्याआधी या आईचं एक पाजणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत कुणी पाहिलं, त्या व्यक्तीची सही. एवढ्यानं ते काम कुणाचं तरी होईल, आणि परिचारिकांचे तासही नोंदले जाऊन उद्या त्यांना परीक्षेसाठी दाखवता येतील. दुसरी, मोठ्या रुग्णालयांनी पीएनसी वॉर्डात शिकाऊ उमेदवारांसाठी देखरेखीखालच्या थोड्या जागा ठेवाव्यात, आरोग्य क्षेत्राबाहेरून आलेल्यांसाठीसुद्धा. तिसरी, समुपदेशकाच्या पातळीचा अभ्यासक्रम आणि परीक्षा मराठीत व्हावी, आणि त्यात आशा, अंगणवाडी सेविका, मालिशवाल्या यांना बसता यावं. आंतरराष्ट्रीय परीक्षा ज्यांना द्यायची त्या देतीलच. पण तिथवर जाणारा जिना आपल्या भाषेत असला पाहिजे.

तोवर आईच्या हातात निदान तीन प्रश्न आहेत, आणि तिनं ते संकोच न करता विचारावेत. तुम्ही पाजणाऱ्या आयांबरोबर किती तास काम केलं आहे? ते कुणाच्या देखरेखीखाली? आणि माझ्या बाळाला तुम्ही डॉक्टरांकडे कधी पाठवाल? तिसऱ्या प्रश्नाला जिच्याकडे नेमकं उत्तर नाही, तिच्याकडे प्रमाणपत्र कितीही मोठं असलं तरी ती अजून शिकते आहे. तिनं शिकावंच, पण तोवर बाळाची जबाबदारी जाणत्या व्यक्तीकडे असली पाहिजे.